सम सोडून

घणसोलीच्या बँजो पार्टीत मी ढोलकीवर होतो
तेव्हा हसुराम केणी मला म्हणाला,
सम सोडून दे.
सोडून दे म्हणजे?
म्हणजे पहिल्या मात्रेला हात वर ठेव.
सगळे तिथे पडायला येतील,
तू पडू नको.

हे त्याला मिळालं होतं तुर्भ्याच्या भंगारात,
परदेशी टेपरेकॉर्डरच्या पोटात अडकलेली
बिननावाची कॅसेट.
एका बाजूला कुणीतरी फुटबॉलची मॅच भरलेली.
दुसऱ्या बाजूला बेस, ड्रम,
उघडून लगेच लागणाऱ्या दारासारखी गिटार
आणि गाणाऱ्याचा एखादाच शब्द,
विहिरीतून कुणी हाक मारावी तसा.
आम्हाला काय माहीत,
गाण्यातून गाणारा मुद्दाम काढून टाकतात!
हसुरामला वाटलं, मेला बिचारा
रेकॉर्डिंग व्हायच्या आधीच.

त्याची आई नारंगीबाई, धवलारीण.
अर्ध्या गावाची लग्नं तिच्या गळ्यातून लागलेली.
ती तांदूळ निवडता निवडता ऐकत होती.
"या गान्यान मानूस कवा येनार रं?"

त्याच रात्री आला.
आईचाच धवला, निम्म्या चालीने,
मिठागरात फळी ओढणारा बाप
दर खेपेला एक पाऊल मागे जायचा, तसा.

याला रेगे म्हणतात
हे वाशीच्या कॉलेजातल्या एका पोराने सांगितलं.
रेगे?
हसुराम म्हणाला, रेगे तर आमचे साहेब,
भूसंपादनाच्या कचेरीत बसतात,
उद्या या म्हणतात.

हळदीच्या रात्री आम्ही वाजवायचो.
नवरीचा मामा स्टेजवर चढायचा,
चावी संपली का रे, जोरात घ्या!
हसुराम डोळे मिटून आणखी हळू व्हायचा.
मी घाबरून चारदा तरी समेवर थाप दिली आहे.
तो मागे वळून बघायचा फक्त.

साडेबारा टक्क्यांचा भूखंड हातात पडायच्या आधीच
त्याने आपला वाटा विकला
आणि अँप्लिफायर आणला.
भावांनी बोलणं टाकलं.
आज तिथे चौदा मजले आहेत.
माझ्या बेसवर उभे आहेत, तो म्हणायचा,
आणि हसायचा नाही.

कॅसेट एकच निघाली, 'साडेबारा टक्के'.
पाचशे छापल्या, एकशे बारा गेल्या,
बाकीच्या अजून माझ्या माळ्यावर, उंदरांसकट.
ठाण्यात तलावपाळीला एक चहावाला रोज लावतो
असं कुणीतरी सांगितलं.
आम्ही दोनदा जाऊन चहा पिऊन आलो.
दोन्ही वेळा बातम्या लागलेल्या.

सीवूडच्या मॉलमध्ये बोलावलं
तेव्हा मॅनेजरने लोकरीच्या जटांचा टोप पुढे केला.
हसुरामला पूर्ण टक्कल.
त्याने टोप घातला, काचेत पाहिलं,
काढून माझ्या ढोलकीवर ठेवला.
एवढ्या गरमीत मेंढरूपण कापून घेतं साहेब.
पैसे निम्मे मिळाले.
टोप मी घरी आणला, का ते माहीत नाही.

मग घसा.
ऐरोलीच्या हॉस्पिटलात गळ्याला भोक पाडलं,
आवाज काढून घेतला.
शुद्धीवर आला तेव्हा वही मागितली,
लिहिलं, 'नर्सच्या रेडिओचा बेस वाढव'.

गेल्या वैशाखात त्याच्या लेकीची हळद.
मी रबाळ्याच्या कंपनीतून रात्रपाळी बदलून गेलो.
हसुराम मिक्सरवर बसलेला, गळ्यात मफलर.
त्याने आपलीच जुनी गाणी लावली
आणि एक एक करून
त्यांतून आपला आवाज खाली ओढला.

राहिला बेस, ड्रम,
आणि मधूनच 'बाय गो', विहिरीतून.

मांडवात कुणी चावी विचारली नाही.
नारंगीबाईला आता ऐकू येत नाही.
तिने खुर्ची ओढून घेतली,
हळदीचा हात स्पीकरच्या कापडावर टेकवला,
बराच वेळ तसाच ठेवला.
मग मोठ्याने, बहिऱ्या माणसाच्या आवाजात,
"मानूस कवा येनार रं?"

हसुरामचं बोट बटणावर होतं.
पहिली मात्रा येत होती.
मी हात वर ठेवला.